रक्ताच्या कागदावर सही करण्याआधी

मैत्रिणींनो, कर्जाचा कागद समजून घेतल्याशिवाय अंगठा करायचा नाही, हे आपण बचत गटात शिकलो. रक्ताच्या कागदाचंही तसंच आहे.

शिबिरात आपण दिलेल्या रक्तातून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे करून रुग्णांना देतात. पांढऱ्या पेशी बहुतेक रुग्णांना लागत नाहीत. पण याच पेशी रोगाशी लढतात, म्हणून रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासकांना त्या हव्या असतात.

अभ्यास चांगलाच. १९५२ साली मुंबईच्या डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे रक्तगट’ जगासमोर मांडला. या गटाच्या माणसाला ‘ओ’ गटाचं रक्तही चालत नाही. शरीर ते परकं समजून नष्ट करतं. हे कळलं म्हणून पुढे जीव वाचले.

मग विचारायचं कशाला? कारण रक्तात घराण्याची माहिती असते. उल्हासनगरच्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक बरेच आढळतात. वाहक म्हणजे आजारी नव्हे. तरी एखाद्या मुलीचं नाव बाहेर फुटलं, तर तिचं जमलेलं लग्न मोडू शकतं. अंबरनाथ असो की बदलापूर, ही भीती घरोघरी सारखीच.

रुग्णासाठी रक्त देणं वेगळं, संशोधनासाठी देणं वेगळं. आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, हिने २०१७ साली संशोधनासाठी नियमावली काढली. तिच्या आधारे हे विचारा:

१. माझं रक्त कशासाठी वापरणार? उरलेल्याचं काय करणार?
२. नैतिकता समितीची मंजुरी आहे का?
३. माझं नाव गुप्त कसं ठेवणार?
४. नंतर नको वाटलं तर संमती मागे घेता येईल ना?

माहिती आपल्या भाषेत मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल तर तिऱ्हाईत साक्षीदारासमोर वाचून दाखवायला हवं. कागदाची प्रत मागून घ्या. ‘नाही’ म्हटलं म्हणून उपचार अडवता येत नाहीत. आणि एक लक्षात ठेवा: नाव पुसलेले उरलेले नमुने वापरायला समिती कधी कधी वेगळ्या संमतीशिवायही परवानगी देते. म्हणून पहिला प्रश्न शिबिरातच विचारा.

रक्त विकायला कायद्यानं बंदी आहे. संशोधनात भाग घेतल्यास प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मात्र मिळू शकते.

पुढच्या बैठकीत एकीनं डॉक्टर व्हावं, दुसरीनं दाता, आणि हे चार प्रश्न मोठ्यानं विचारून बघावेत. एकदा तोंडातून निघाले की दवाखान्यात जीभ अडखळत नाही.