ओंडक्यांचे घर : उतरविणे, नेणे आणि पुन्हा उभारणे

घर म्हटले की ते स्थावर, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या अरण्यसंपन्न देशांत ओंडक्यांचे घर शतकानुशतके एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येण्याजोगी वस्तू मानले गेले. घर विकले गेले की पुष्कळदा जमीन तिथेच राही आणि घर मात्र नव्या मालकाच्या वाडीवर जाई. हे कसे शक्य होते आणि त्यासाठी कोणती दक्षता घ्यावी लागते, याचा अभ्यास लाकडी वाड्यांचा वारसा लाभलेल्या महाराष्ट्रालाही उपयुक्त ठरेल.

रचनेतच असलेली सोय

या घराच्या भिंती पाइन अथवा स्प्रूस वृक्षाच्या आडव्या ओंडक्यांच्या असतात. कोपऱ्यावर दोन भिंतींचे ओंडके खाचा पाडून एकमेकांत बसविले जातात. प्रत्येक ओंडक्याची खालची बाजू कोरून ती खालच्या ओंडक्याच्या पाठीवर नेमकी बसेल अशी केली जाते. चर वरून न कोरता खालून कोरल्यामुळे पावसाचे पाणी त्यात साचत नाही. मधल्या फटीत वाळलेले शेवाळ भरतात. ते वारा आणि थंडी अडविते. छपरावर भूर्जवृक्षाच्या सालीचे थर देऊन त्यांवर गवताची ढेकळे रचण्याची पद्धत होती. ज्या जातीच्या सालीवर भारतात पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच कुळातील ही साल पाणी उत्तम अडविते.

भिंतीत खिळे नसतात. काही ठिकाणी लाकडी खुंट्या असतात, पण सारा भार खाचांवर आणि ओंडक्यांच्या वजनावर तोललेला असतो. म्हणूनच जे ज्या क्रमाने रचले, ते उलट क्रमाने काही न मोडता सुटे करता येते.

इतिहासातील दाखले

या गुणाचा सर्वांत धाडसी उपयोग १५५१ मध्ये रशियाचा झार चौथा इव्हान याने केला. कझानवरील मोहिमेसाठी त्याला शत्रूच्या सीमेलगत किल्ला हवा होता. त्याचे लाकूड व्होल्गा नदीच्या वरच्या खोऱ्यात, उग्लिचच्या परिसरातील अरण्यात तोडून तयार करण्यात आले. खुणा केलेले ओंडके नदीतून खाली सोडण्यात आले आणि स्वियागा नदीच्या मुखापाशी सुमारे चार आठवड्यांत स्वियाझ्स्क किल्ला उभा राहिला. पुढल्याच वर्षी कझान पडले. वारंवार आगी लागणाऱ्या मॉस्को शहरात तर तयार घरांच्या ओंडक्यांचा बाजारच भरत असे. घर जळालेला मनुष्य तेथून नवे घर विकत घेऊन थोड्याच दिवसांत ते उभे करी.

उतरविण्यापूर्वी नोंद

कामाचा प्रारंभ हत्याराने नव्हे, तर कागदाने होतो. प्रथम घराची मापे घेऊन प्रत्येक भिंतीचा आराखडा काढतात आणि आतून-बाहेरून छायाचित्रे घेतात. मग प्रत्येक भिंतीला एक अक्षर आणि प्रत्येक ओंडक्याला पायथ्यापासून वर चढत जाणारा क्रमांक देतात. पूर्वी सुतार हे क्रमांक कुऱ्हाडीच्या घावांनी कोरीत. पुढे लाकडाच्या अथवा धातूच्या पट्ट्या ठोकण्याची पद्धत आली. पट्टी ओंडक्याच्या आतल्या अंगाला, पाऊस आणि घर्षण लागणार नाही अशा ठिकाणी लावणे इष्ट असते. नोंदवहीची एक प्रत लाकडाबरोबर जावी आणि दुसरी वेगळ्या ठिकाणी सुरक्षित राहावी, म्हणजे एक गहाळ झाली तरी काम अडत नाही.

यानंतर छपराची माती आणि साल, मग छपराचे लाकूड, दारे-खिडक्यांच्या चौकटी, जमिनीच्या फळ्या आणि अखेरीस भिंतींचे ओंडके वरून खाली, या क्रमाने घर उतरवितात. दगडी चुलाण्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. दगडांना खाचा नसल्यामुळे रेखाचित्र आणि क्रमांक नसतील तर ते पूर्ववत रचता येत नाही.

पुन्हा उभारणी

उत्तरेकडे अशी वाहतूक पूर्वी बहुधा हिवाळ्यात होई. गोठलेली तळी आणि बर्फाच्छादित वाटा यांवरून घसरगाड्यांनी अवजड ओंडके ओढणे सोपे जाई. नव्या जागी नेलेले लाकूड फार काळ पडून राहू देऊ नये. वरचा भार निघाल्यावर ओंडके पिळवटतात आणि मग खाचा जुळत नाहीत. थांबणे अटळच असेल तर ते छपराखाली, मध्ये पट्ट्या घालून सपाट रचून ठेवावे लागतात.

जमिनीच्या ओलीमुळे पायथ्याचे ओंडके सर्वांत आधी कुजतात. ते बदलताना त्याच जातीचे लाकूड वापरतात. शक्य असेल तेथे कुजलेला भागच कापून तेवढाच नवा तुकडा सांधतात. पाया समतळ असणे आणि पहिल्या थराचे दोन्ही कर्ण समान भरणे अत्यावश्यक होय. कारण तळाशी राहिलेला फरक वर चढत छपरापर्यंत पोहोचतो. जुने शेवाळ टाकून नवे भरावे लागते. ते भाराने दबते आणि भिंत किंचित खाली बसते. म्हणून दारा-खिडक्यांच्या चौकटींवर थोडी जागा मोकळी सोडतात.

संग्रहालयांचे कार्य

एकोणिसाव्या शतकात या जुन्या सुतारी ज्ञानाला नवे प्रयोजन मिळाले. कारखानदारीच्या वाढीबरोबर स्वीडनमधील ग्रामीण जीवन झपाट्याने पालटत असल्याचे आर्टुर हाझेलियस यांनी ओळखले. त्यांनी १८८५ मध्ये दालार्ना प्रांतातील मोरा भागातले एक ओंडक्यांचे घर विकत घेतले. ११ ऑक्टोबर १८९१ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे स्कान्सेन हे खुले संग्रहालय सुरू झाले. तेथे देशाच्या निरनिराळ्या भागांतून आणलेली घरे, कोठारे आणि गोठे पाहावयास मिळतात. या धर्तीवर १९०९ मध्ये फिनलंडमध्ये सेउरासारी संग्रहालय निघाले.

प्रत्येक इमारत सुटी करून नेता येते असे मात्र नाही. उत्तर स्वीडनमधील किरुना शहराखाली चाललेल्या लोहखनिजाच्या उत्खननामुळे तेथील जमीन खचू लागली आणि शहराचा मोठा भाग हलविणे भाग पडले. तेथील १९१२ मध्ये पूर्ण झालेले भव्य लाकडी चर्च सुटे न करता अखंडच उचलण्यात आले. सुमारे ६७२ टन वजनाची ही वास्तू १९ आणि २० ऑगस्ट २०२५ रोजी बहुचाकी वाहनांवरून सुमारे ५ किलोमीटर दूर नेण्यात आली.

महाराष्ट्रापुढील प्रश्न

महाराष्ट्रात ओंडक्यांच्या भिंती नाहीत. पण खांब, तुळया आणि वासे यांचा खाचांत बसविलेला सांगाडा ही जुन्या वाड्यांची आणि अनेक आदिवासी घरांची रीत आहे. तोही सुटा होऊ शकतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील मस्तानी महाल कोथरूड येथील मूळ वास्तूच्या अवशेषांतूनच पुन्हा उभारण्यात आला आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेल्या नंदुरबार जिल्ह्यातील गावांमधून निघताना अनेक कुटुंबांनी आपल्या घरांचे लाकूड उतरवून सोबत नेले. त्यांच्या दृष्टीने ते केवळ इमारती साहित्य नव्हते. वाडवडिलांनी अरण्यातून आणून घडविलेले ते घर होते.

वाडा पाडताना नक्षीचा खांब एकीकडे, दरवाजा दुसरीकडे आणि तुळया तिसरीकडे विकल्या गेल्या, तर लाकूड शिल्लक राहते, वाडा राहत नाही. कोणता खांब कोणत्या खणात होता, कोणती तुळई कोणत्या खांबावर टेकली होती, हे सांगणारा कागद नसेल तर कुशल सुतारही हतबल ठरतो. प्रत्येक जुनी वास्तू वाचविणे शक्य होणार नाही. परंतु ती उतरविण्यापूर्वी मापे, छायाचित्रे आणि क्रमांक यांची नोंद करणे शक्य आहे. या कामाला फार मोठा खर्च लागत नाही. गावातील शिक्षक, सुतार आणि घरमालक यांनी मिळून काही दिवसांत ते पार पाडता येते. वास्तू पुन्हा उभी राहो अथवा न राहो, ती कशी उभी होती हे पुढील पिढीला त्यातून निश्चित कळेल.