उन्हाची बातमी आणि उन्हातला माणूस



एप्रिलमधली रात्र. पालममधल्या एका पत्र्याच्या घरात टीव्ही चालू आहे. आधी बातमी येते, 'मराठवाडा होरपळला, पारा 42 अंशांवर.' लगेच पुढच्या दृश्यात विहिरीत उड्या मारणारी पोरं, रंगीत बर्फाचा गोळा आणि रसवंतीवर हसणारी माणसं. मग एसीची जाहिरात. शेवटी कुणी जाणकार सांगतात, 'जगाचं तापमान दीड अंशानं वाढलं, ही धोक्याची घंटा आहे.'

आजी नातीला विचारतात, "काय गं बाई, इथं बेचाळीस म्हणतेत आन् तिथं दीड. दीड अंशाचं एवढं काय घेऊन बसलेत? आन् धोका हाय तर ही पोरं हसायलीत कशाला?"

आजींचा प्रश्न बरोबर आहे. एकच बातमी आपल्याला भीती दाखवते, मजा दाखवते आणि शेवटी वस्तू विकते. अशा वेळी माणूस एक तर घाबरतो, नाही तर 'दरवर्षीचंच आहे' म्हणून सोडून देतो. दोन्हींत नुकसान आपल्याच घराचं होतं. म्हणून या पाठात उन्हाची बातमी कशी वाचायची आणि तिच्यातून आपल्या कामाचं काय घ्यायचं, ते पाहू.

एका शब्दाचे दोन अर्थ

आपल्या भाषेत 'हवामान' हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरतात. आज ऊन आहे की ढग, उद्या पाऊस येईल का, हेही हवामान. आणि एखाद्या भागात तीस-तीस वर्षांत सरासरी किती ऊन, थंडी, पाऊस असतो, तेही हवामान. 'हवामानात बदल, उद्या अवकाळीची शक्यता' ही पहिल्या प्रकारची बातमी आहे. 'हवामान बदलामुळे पृथ्वी तापते आहे' ही दुसऱ्या प्रकारची. शब्द सारखा असल्याने गोंधळ होतो. पहिलीला आपण 'रोजची हवा' म्हणू आणि दुसरीला 'वर्षानुवर्षांचं हवामान'.

2025 चा मे महिना आठवा. महाराष्ट्रात मे महिन्यातच पावसाने झोडपलं. मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनला पोहोचतो, तो त्या वर्षी 26 मे रोजीच पोहोचला. तेव्हा अनेकांनी विचारलं, 'कुठं आहे ती तापलेली पृथ्वी?' पण मे महिन्यातले गार दिवस ही रोजची हवा होती. पूर्ण जगाचा हिशेब केला, तेव्हा 2025 हे नोंदी सुरू झाल्यापासूनच्या तीन सर्वांत उष्ण वर्षांपैकी एक ठरलं. त्याआधीचं 2024 तर जगात सर्वांत उष्ण होतं. भारतातही 1901 पासूनच्या नोंदींत 2024 हेच सर्वांत उष्ण वर्ष आहे.

हिवाळ्यातही असंच होतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पारा 10 अंशांखाली गेला की 'परभणी गारठली' अशी बातमी येते. ती बातमी खरी असते. तिच्यामुळे तापणाऱ्या पृथ्वीची गोष्ट मात्र खोटी ठरत नाही.

दीड अंश म्हणजे किती?

आता आजींच्या दीड अंशाकडे येऊ. निरोगी माणसाच्या अंगाचं तापमान साधारण 37 अंश सेल्सिअस असतं. ते 38.5 झालं तर वाढ दीड अंशाचीच, पण त्याला आपण ताप म्हणतो आणि दवाखाना गाठतो. पृथ्वीची सरासरीही तशीच आहे. समुद्र, बर्फाळ प्रदेश, दिवस, रात्र, उन्हाळा, हिवाळा हे सगळं धरून काढलेली सरासरी एवढीशी जरी वाढली, तरी कडक उन्हाचे दिवस वाढतात, रात्री गार होत नाहीत आणि पावसाचं वेळापत्रक बिघडतं.

कारण काय? दगडी कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळल्याने कार्बन डायऑक्साइड वायू हवेत साठतो. तो पृथ्वीवर पांघरलेल्या गोधडीसारखं काम करतो. उष्णता बाहेर जाऊ देत नाही. गोधडी जाड होत चालली आहे. ज्याच्या घरी गाडी नाही, एसी नाही, त्याने ती जाड करण्यात फारसा हात लावलेला नाही, पण उन्हाचा मार पहिल्यांदा त्यालाच बसतो. ही बाजू बातमीत क्वचित येते.

छापलेला आकडा आणि अंगावरचा आकडा

पेपरातला आकडा हवेचा असतो, आणि तोही सावलीतल्या हवेचा. जमिनीपासून साधारण चार फुटांवर, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या लाकडी पेटीत तापमापक ठेवलेला असतो. आपण मात्र त्या पेटीत राहत नाही. उन्हात कापूस वेचणारी ताई, वीटभट्टीवरचा दादा, दुपारी पत्र्याखाली झोपलेलं लेकरू, यांच्या अंगावरची उष्णता त्या आकड्यापेक्षा बरीच जास्त असते.

आकडा कमी दिसला तरी धोका असू शकतो, हे खारघरने दाखवून दिलं. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतील खारघर येथे पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो लोक उघड्या मैदानात भर उन्हात बसले होते. जवळच्या केंद्रावर तापमान सुमारे 38 अंश होतं. आपल्याकडे 38 ला कुणी मोठं ऊन म्हणणार नाही. तरी तिथे उष्माघाताने 14 जणांचा जीव गेला. समुद्राकाठची हवा दमट असते, घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. त्यात तासन् तास गर्दीत बसणं. परभणीतही जूनच्या तोंडाला हवा दमट झाली की 37-38 अंशांत जीव कासावीस होतो, तो याचमुळे.

उलट कोरड्या उन्हात घाम लगेच उडून जातो. 'मला घामच येत नाही' असं वाटतं आणि पाणी पिणं राहून जातं.

'उष्णतेची लाट' या शब्दाचाही नीट अर्थ घ्या. हवामान खात्याच्या नियमाने मैदानी भागात पारा किमान 40 अंश हवा आणि त्या काळातल्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवा, तेव्हा लाट म्हणतात. पारा 45 गाठला तर सरासरी न पाहताही लाट धरतात. आपल्याकडे मे महिन्यात सरासरीच 40 च्या वर असते. म्हणून 43 अंश असूनही 'लाट नाही' असं होऊ शकतं. शरीराला मात्र 43 म्हणजे 43च.

आकडा चुकूही शकतो. 29 मे 2024 रोजी दिल्लीतील मुंगेशपूर केंद्रावर 52.9 अंश नोंदले गेले आणि देशभर ती बातमी झळकली. तपासणीनंतर हवामान खात्याने सांगितलं, यंत्र 3 अंश जास्त दाखवत होतं. पण तीन अंश वजा केले तरी ऊन जीवघेणंच होतं.

मोबाईलवरचे निरोप

'खिशात कांदा ठेवा, ऊन लागणार नाही.' कांदा जेवणात चांगला, पण खिशातला कांदा अंग थंड करत नाही. त्याच्या भरवशावर उन्हात जाणं धोक्याचं.

'40 अंशांत गार पाणी प्याल तर रक्तवाहिनी फुटते.' असं होत नाही. माठातलं गार पाणी थोडं थोडं, वारंवार प्या.

'सूर्य विषुववृत्तावर आला आहे, म्हणून पुढचे पाच दिवस घरातही 40 अंश होणार.' सूर्य दरवर्षी मार्च आणि सप्टेंबरमध्ये विषुववृत्तावर येतोच. त्यातून अशी लाट येत नाही.

निरोप कुणी पाठवला यापेक्षा तो कुणी तपासला, हे विचारा. हवामान खात्याच्या इशाऱ्याचे चार रंग लक्षात ठेवा. हिरवा म्हणजे विशेष काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने खबरदारी घ्या.

ज्याला घरी बसणं परवडत नाही त्याने काय करावं?

'दुपारी 12 ते 3 घराबाहेर पडू नका,' हा सल्ला योग्य आहे. पण रोजंदारी बुडाली तर चूल कशी पेटणार? शिवाय पत्र्याचं घर दुपारी शेतातल्या झाडाखालच्या सावलीपेक्षा गरम असतं. म्हणून जमेल ते करू.

• काम पहाटे लवकर सुरू करण्याची गोष्ट मुकादमाशी, मालकाशी सगळ्यांनी मिळून बोला. एकट्याचं ऐकत नाहीत, दहा जणांचं ऐकतात.
• तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने पाणी प्या. सोबत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, ताक किंवा ज्वारीची आंबील न्या. बाटलीबंद शीतपेय हा त्याला पर्याय नाही.
• उन्हाच्या कामाला नवा असलेला किंवा आजारातून उठलेला माणूस पहिल्या आठवड्यात जास्त धोक्यात असतो. त्याला काम हळूहळू वाढवू द्या.
• पत्र्यावर तुराट्या, पाचट किंवा ओली पोती टाका, पण चुलीची ठिणगी पोहोचणार नाही हे पाहा. पत्र्याला चुना लावला तरी फरक पडतो.
• कूलर लावला तर खिडकी उघडी ठेवा. पाणी भरताना आधी बटण बंद करा, पिन काढा.
• हवा 40 अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अंग ओल्या फडक्याने पुसून मग पंख्याखाली बसा.
• म्हातारी माणसं, तान्ही लेकरं, गरोदर बाया आणि बीपी, शुगर, हृदयाचे रुग्ण यांची दुपारी एकदा विचारपूस करा. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. शुगर असेल तर साखरेच्या पाण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

14 एप्रिलची मिरवणूक ऐन उन्हात येते. ती ऊन उतरल्यावर काढावी, वाटेत पाण्याची आणि सावलीची सोय ठेवावी, लहान लेकरांना तासन् तास गाडीवर उभं करू नये. खारघरचा धडा आपल्या मंडळांनीही घ्यावा.

ऊन लागलं तर

डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पायात गोळे, खूप घाम: काम थांबवा, सावलीत झोपवा, कपडे सैल करा, घोट घोट मीठ-साखरेचं पाणी द्या. एक लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण पाळा. आशाताईंकडे ओआरएसची पुडी मिळते.

माणूस बरळतो आहे, ओळखत नाही, झटके येताहेत, बेशुद्ध आहे, अंग भट्टीसारखं तापलं आहे: हा उष्माघात. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. लगेच 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत थांबू नका, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी किंवा बर्फ ठेवा. 'तापलेल्या अंगावर गार पाणी टाकू नये' हा समज इथे जीव घेतो. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

विहारात चर्चेसाठी

1. या आठवड्यात उन्हाची कोणती बातमी पाहिली? ती रोजच्या हवेची होती की वर्षानुवर्षांच्या हवामानाची?
2. त्या बातमीत उन्हात काम करणारा माणूस होता का?
3. आपल्या वस्तीत दुपारी एकटं राहणारं म्हातारं माणूस कोण? त्यांच्याकडे रोज कोण जाईल?
4. पिण्याच्या पाण्यासाठी नगरपंचायतीकडे, आणि रोजगार हमीच्या कामावर नियमाप्रमाणे सावली, पाणी व प्रथमोपचार पेटी मिळावी यासाठी, अर्ज कोण लिहील?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नावानिशी लिहून विहाराच्या फळ्यावर लावा. बाकीची चर्चा पुढच्या रविवारी झाली तरी चालेल, हे काम आजच व्हायला हवं.