न्हाणीघरातील देवळी : अर्ध्या तासाचा एक पाठ

(इयत्ता चौथी व पाचवी. विषय : परिसर अभ्यास)

घरातील सर्वांत लहान कपाट कोणते, असा प्रश्न वर्गात केला असता मुले बहुधा देवघराकडे किंवा दप्तराच्या फळीकडे बोट दाखवितात. न्हाणीघराच्या भिंतीतील देवळी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कोठे तिला कोनाडा म्हणतात, कोठे ती मोरीवर ठोकलेली एक फळी असते, नव्या घरांतून आरसा लावलेले प्लास्टिकचे कपाट असते, तर कित्येक घरी पत्र्याच्या आडोशाला टांगलेली पिशवी हीच काय ती देवळी. रूप कोणतेही असो. जागा वीतभर आणि वस्तू वीस-पंचवीस, ही स्थिती सर्वत्र सारखीच. साबणाच्या चिपट्या, तळाशी घट्ट झालेले मंजन, अर्ध्या फाडलेल्या शाम्पूच्या पुड्या, वज्री, गंजलेले ब्लेड, खोबरेल तेलाची बाटली, कोणाच्या तरी खरजेचे मलम आणि या सर्वांच्या मागे वर्षापूर्वी आणलेली, नाव पुसून गेलेली एक बाटली, असे चित्र आपणांपैकी बहुतेकांच्या घरी आढळेल. प्रस्तुत लेखकाचे घरही यास अपवाद नव्हते.

या देवळीवर पाठ घ्यावा असे सुचविले म्हणजे काही सहकारी स्मित करतात. टापटीप हा घरच्या बायकांचा विषय, त्यासाठी शाळेची तासिका कशास, असा त्यांचा आक्षेप असतो. १९३७ साली वर्ध्यास ज्या मूलोद्योगी शिक्षणाची मांडणी झाली, त्यात सफाईला शिक्षणाचाच भाग मानले होते, हे उत्तर त्यांस देता येईल. पण येथे त्याहून निकडीचे कारण आहे. न्हाणीघर ही अशी जागा आहे की, तेथे डोळ्यांच्या आधी हात पोहोचतो. पहाटेचा अंधार, वाफेने भरलेली खोली, साबणामुळे मिटलेले डोळे, काढून ठेवलेला चष्मा, अशा स्थितीत मनुष्य देवळीत हात घालतो आणि जे हाती लागेल ते वापरतो. त्यातही घरातील अगदी लहान व अगदी वृद्ध माणसे अधिक. म्हणून डोळे मिटून हात घातला तरी अपायकारक वस्तू हाती येता कामा नये, एवढीच या पाठाची कसोटी होय. देवळी सुंदर दिसते की नाही हा प्रश्न गौण आहे.

ही भीती काल्पनिक नव्हे. उंदीर मारण्याची पेस्ट दात घासण्याच्या पेस्टसारख्याच नळीत मिळत आलेली आहे. २०२१ साली मुंबईत एका तरुण मुलीने सकाळी चुकून तीच ब्रशवर घेतली आणि पुढे काही दिवसांनी तिचा अंत झाला. खेड्यात, जेथे उंदरांचा उपद्रव अधिक आणि वस्तू ठेवण्यास जागा कमी, तेथे या दोन नळ्या एकाच फळीवर येणे किती सहज आहे, हे सांगावयास नको. पूर्वी मी ज्या शाळेत होतो तेथे पाणी घालून पातळ केलेले फिनाईल शीतपेयाच्या बाटलीत भरून हात धुण्याच्या जागेजवळच्या कोनाड्यात ठेवले जाई. फिनाईल पाण्यात मिसळले की दुधासारखे पांढरे दिसते. दुसरीतील एका मुलीने बाटली तोंडापर्यंत नेली. वास आला म्हणून ती थबकली, एवढेच. ती बाटली तेथे रोज दिसत असूनही आम्हां कोणालाच ती खटकली नव्हती.

पूर्वतयारी

मुलांना घरची देवळी आवरावयास सांगण्यापूर्वी शिक्षकाने शाळेच्या स्वच्छतागृहाजवळील कपाट स्वतः आवरावे. हे काम मुलांकडून करवून घ्यावयाचे नाही. या कपाटात बहुधा दोन वस्तू शेजारीशेजारी सापडतील : शौचकूप धुण्याचे आम्ल आणि विरंजक चूर्ण, म्हणजे आपल्या गावी ज्याला टी.सी.एल. पावडर म्हणतात ते. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणभूमीवर शत्रुसैन्यावर सोडण्यात आला तो हाच वायू. फळीवर सांडलेली पावडर आणि तिच्यावर ठिबकणारी आम्लाची बाटली, एवढ्याने लहान बंद खोलीत श्वास कोंडू शकतो. ‘दोन्ही घातले म्हणजे दुप्पट स्वच्छ होईल’ या समजुतीने ती मुद्दाम मिसळणारेही असतात. मदतनिसांना याची स्पष्ट कल्पना द्यावी.

टी.सी.एल. विषयी आणखी एक गोष्ट. ताज्या पावडरीत उपयोगी पडणाऱ्या क्लोरीनचे प्रमाण सुमारे ३३ टक्के असते. पुडके उघडे राहिले, ओल लागली, ऊन लागले की ते झपाट्याने घटते. मोरीतील दमट फळीवर महिनोन्‌महिने ठेवलेल्या पावडरीने पाणी शुद्ध होत आहे असे मानणे ही स्वतःची फसवणूक आहे. ती घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, कोरड्या व अंधाऱ्या जागी, आम्लापासून दूर ठेवावी. पत्र्याचा डबा ती खाऊन टाकते.

पाठाचा ओघ

एक पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून त्याची देवळी करावी. तीत रिकाम्या व स्वच्छ धुतलेल्या वस्तू भराव्यात : दात घासण्याच्या पेस्टच्या दोन रिकाम्या नळ्या, पैकी एकीवर लाल कागद चिकटविलेला, तेलाच्या आकाराच्या दोन बाटल्या, त्यांतील एकीवर तसाच लाल कागद, साबणाची पेटी, वज्री, कंगवा, ब्रश, औषधाच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट. लाल खूण म्हणजे विष, हे वर्गास आधीच सांगून ठेवावे. मग एका विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधून त्याला म्हणावे, “बाळ, दात घासावयाचे आहेत, पेस्ट काढ पाहू.” दोन-तीन मुलांच्या हाती लाल नळी आल्याखेरीज राहत नाही. वर्ग प्रथम हसतो आणि मग गप्प होतो. हा गप्प होण्याचा क्षण शिक्षकाने बोलून वाया घालवू नये.

यानंतर खोके पूर्ण रिकामे करावे. येथे मुलांचा एक हट्ट मोडावा लागतो. वस्तू जागच्या जागी थोड्या सरकवून फळी पुसण्याची आपणां सर्वांस सवय असते आणि म्हणूनच मागची बाटली वर्षानुवर्षे मागेच राहते. सर्व वस्तू वर्तमानपत्रावर काढावयाच्या, फळी कोरड्या फडक्याने पुसावयाची आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारावयाचे : ही रोज लागते काय? अंग ओले असताना लागते काय? दोहोंचे उत्तर ‘होय’ असेल तीच देवळीत परत जाईल. पाच माणसांच्या घरात अशा वस्तू दहा-बारांहून अधिक निघत नाहीत. जे फुटके, वाळलेले वा बिननावाचे असेल ते काढून टाकावयाचे. बिननावाच्या बाटलीचा वास घेऊन ओळख पटविण्याचा प्रयत्न कोणी करू नये. घरी हे सारे काम अर्ध्या तासात उरकते.

उरलेल्या, म्हणजे चांगल्या पण तेथल्या नव्हेत अशा वस्तूंच्या ढिगावर मात्र वेळ खर्च करावा. औषधे या ढिगात पहिली. न्हाणीच्या वाफेने गोळ्या ओलसर होतात, जलसंजीवनीच्या पुडीचे खडे बनतात. गरोदर मातेस मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्या लहान मुलाला गोड खाऊसारख्या वाटतात आणि त्या मूठभर पोटात गेल्या तर मूल दगावू शकते, हे अनेक सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. औषधांची जागा कोरड्या खोलीत, उंच व कुलपात. दुसरी वस्तू दाढीचे ब्लेड. जुने ब्लेड फळीच्या फटीत खोचण्याची रीत घरोघर आहे. त्याऐवजी झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबा करावा. एकाचे ब्लेड वा ब्रश दुसऱ्याने वापरल्याने यकृताला सूज आणणारी कावीळ पसरू शकते, म्हणून प्रत्येकाचा ब्रश निराळ्या रंगाचा अथवा दोरा बांधून ओळखू येईल असा असावा. तिसरी वस्तू आम्ल, फिनाईल, रॉकेल, उंदरांचे व पिकांचे औषध. यांतील एकही पदार्थ पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत भरावयाचा नाही, मूळ डब्यातच ठेवावयाचा. आणि कीटकनाशके तर राहत्या घरातच नकोत. खुले आम्ल बाटलीत मोजून विकणारे गावोगाव फिरतात. ते स्वस्त पडते हे खरे. पण ती बाटली घरी कोठे ठेवणार, हे विकत घेण्यापूर्वीच ठरवावे.

साबणाविषयी मुलांना एक मौज दाखविता येते. एक वडी पाण्याच्या बशीत व दुसरी छिद्रे पाडलेल्या झाकणावर आठवडाभर ठेवावी. पहिलीचा लगदा होतो. घरी सांगावयास मुलांजवळ एवढा पुरावा पुरेसा असतो.

इतके करूनही अपघात झालाच तर काय करावे, हे फळ्यावर लिहून द्यावे. आम्ल वा रॉकेल पोटात गेल्यास उलटी करवू नये. मिठाचे पाणी पाजण्याचा जुना उपाय येथे घातक ठरतो, कारण वर येताना तोच पदार्थ पुन्हा अन्ननलिका भाजतो अथवा फुप्फुसात शिरतो. डोळ्यांत गेल्यास स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहावे. १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा आणि बाटली सोबत न्यावी.

शिक्षकांसाठी दोन सूचना

या पाठाचा स्वाध्याय म्हणून ‘आपल्या न्हाणीघरातील वस्तूंची यादी आणा’ असे सांगण्याचा मोह होतो. तो टाळावा. वर्गात अशीही मुले असतात, ज्यांच्या घरी न्हाणीघरच नाही. नदीकाठच्या दगडावर अथवा अंगणातील फरशीवर त्यांची आंघोळ होते. यादी वाचली जात असताना त्यांची मान खाली जाते आणि मग पाठातील एक अक्षरही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. देवळीऐवजी पिशवी असली तरी कसोटी तीच लागू पडते, हे मुद्दाम बोलून दाखवावे. पिशवीचे दोन कप्पे शिवून घेतले की कामही भागते.

दुसरी सूचना नाजूक आहे. मासिक पाळीच्या वेळी वापरावयाचे कापड पुष्कळ घरी न्हाणीतील सर्वांत अंधाऱ्या फटीत, ओलेच, दडवून ठेवलेले असते. ओलसर कापडात जंतू वाढतात. ते साबणाने धुऊन उन्हात वाळवावे आणि कोरड्या, स्वच्छ पिशवीत ठेवावे, ही गोष्ट मुलींना कोणी तरी सांगणे अवश्य आहे. शिक्षिका असल्यास त्यांनी वरच्या वर्गांतील मुलींना स्वतंत्रपणे सांगावी. नसल्यास आशाताईंची मदत घ्यावी. वर्गात या विषयावर पुरुष शिक्षकाने विनोद होऊ देणे हा अपराधच समजावा.

स्वाध्याय द्यावयाचाच तर एवढा द्यावा : घरातील आजी किंवा आजोबांना, ‘तुम्ही अंधारात देवळीतून काय काय काढता?’ असे विचारून या. उत्तरे वहीत लिहिली नाहीत तरी चालेल. एका विद्यार्थ्याच्या आजींनी सांगितले, “अरे, मी मागल्या कोपऱ्यातली बाटली उचलते, तेलाची.” त्याने घरी जाऊन मागल्या कोपऱ्यात पाहिले, तेव्हा तेथे दोन बाटल्या होत्या. दुसरी त्याने वडिलांना दाखविली. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा वर्गात याच प्रश्नाची विचारपूस करावी, कारण रिकामी झालेली जागा तितक्या अवधीत परत भरू लागलेली असते.