फाईल उघडते, मराठी उघडत नाही

आमच्या वाचनालयाच्या जुन्या वार्षिक अंकांतले निवडक लेख एकत्र छापायचं ठरलं, तेव्हा पुन्हा टंकायचा प्रश्नच नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. १९९८ पासूनचे अंक संगणकावरच जुळवलेले. त्यांच्या सीड्या कपाटात वर्षवार लावून ठेवलेल्या. सीड्या चालल्या, फायलीही उघडल्या. पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची आणि डॉलरची चिन्हं, मध्येच एखादं उद्गारचिन्ह. मराठीचा पत्ता नव्हता. ज्या फायलींना व्हायरस लागलाय म्हणून आमचे कोषाध्यक्ष घाबरले होते, त्यांना काहीही झालेलं नव्हतं. त्या पहिल्यापासून तशाच होत्या.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. त्या काळात डीटीपीवाले जे फॉन्ट वापरत, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असत. कृतीदेव फॉन्टातला 'राम' हा फाईलमध्ये जे, के, ई अशा तीन इंग्रजी अक्षरांत असतो. अंगरखा मराठी, आत माणूस भलताच. फॉन्ट मशीनवर आहे तोवर कळत नाही, फॉन्ट गेला की आतला उघडा पडतो. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांचीही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःचे आकडे आहेत. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोनं इस्की हे भारतीय लिप्यांचं मानकही काढलं होतं. पण पानं जुळवायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला युनिकोड मराठी कधीच जमली नाही आणि महाराष्ट्रातले छापखाने पुढं कितीतरी वर्षं पेजमेकरवरच चालत राहिले. २०१० नंतर जुळवलेला मजकूर सुरक्षितच असणार, असं त्यामुळं समजू नका.

आमचा डीटीपीवाला धंदा बंद करून गावी गेला होता. त्याचं सॉफ्टवेअर त्यानं आनंदानं दिलं, पण ते चालायला लॉक लागायचं. जुन्या प्रिंटरच्या पोर्टला लावायचा तो ठोकळा. आताच्या मशीनला ते पोर्टच नसतं. कंपनीला फोन केला, तर नवी आवृत्ती विकत घ्या म्हणाले. ती जुन्या फायली वाचेल का, यावर 'वाचायला हवी' इतकंच उत्तर मिळालं. अशा उत्तरावर पैसे टाकू नयेत.

तुमच्याकडं अशा फायली असतील तर आधी फॉन्टचं नाव शोधा. वर्डमध्ये मजकूर निवडला की फॉन्ट मशीनवर नसला तरी त्याचं नाव वरच्या चौकटीत दिसतं. ते कागदावर लिहून ठेवा. सीडीवर फॉन्टांचं वेगळं फोल्डर आहे का पाहा. पुष्कळदा नुसता फॉन्ट मशीनवर चढवला की लॉकशिवायही मजकूर वाचता येतो. वाचता आला की लगेच पीडीएफ करून ठेवा, पण काम झालं असं मानू नका. त्या पीडीएफमधून ओळ उचलून दुसरीकडं चिकटवली की पुन्हा तोच कचरा येतो.

मग कन्व्हर्टर. नावाजलेल्या फॉन्टांसाठी ते इंटरनेटवर फुकट मिळतात आणि ऐंशी पानांचा मजकूर मिनिटभरात युनिकोडमध्ये बदलून देतात. त्या मिनिटाचं कौतुक फार करू नये. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. कन्व्हर्टरला त्यांच्या जागा बदलाव्या लागतात आणि जोडाक्षर आलं की तो गडबडतो. 'परिस्थिती'ची 'परििस्थती' होते. ही चूक निदान डोळ्यांत खुपते. खरा घात करतात त्या न खुपणाऱ्या चुका. आमच्या एका ट्रेकच्या लेखात सह्याद्रीच्या दऱ्यांचे 'दर्या' झाले होते, आणि दोन्ही शब्द खरे असल्यामुळं शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर गप्प. 'दऱ्या'तला हा अर्धा र युनिकोडमध्येही दोन रीतींनी टंकता येतो. म्हणजे एका रीतीनं लिहिलेल्या 'वाऱ्यावर'चा शोध घेतला, तर दुसऱ्या रीतीचा 'वार्‍यावर' निसटू शकतो. लेखात मध्येच इंग्रजी वाक्य असेल, तर कन्व्हर्टर त्यालाही मराठी समजून वाटेल ते करून ठेवतो. सन आणि रकमा तर एकूण एक मूळ छापील अंकाशी ताडून पाहाव्यात, कारण चुकलेला आकडाही आकड्यासारखाच दिसतो.

ज्या अंकांचा फॉन्ट ओळखता आला नाही, त्यांचा छापील कागदच कामी आला. पानं ३०० डीपीआयनं स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर चढवायची आणि गूगल डॉक्समध्ये उघडायची. चित्रातली मराठी वाचून ते युनिकोड मजकूर देतं. फाईलच्या आत काय आहे याच्याशी त्याचा संबंधच नसतो. दोन स्तंभांची पानं मात्र आधी कापून वेगळी करा. आमच्या एका कथेत डाव्या स्तंभातली सासू उजव्या स्तंभातल्या पाककृतीत शिरली होती. माझा कल आता सरळ स्कॅनिंगकडं आहे. छपाई स्वच्छ असेल, तर कन्व्हर्टरपेक्षा यात मुद्रितशोधकाचा त्रास कमी होतो. जुना अंक रद्दीत देण्याआधी त्याची फाईल वाचता येते का, हे म्हणूनच पाहायचं.

नव्या मजकुराची परीक्षा सोपी आहे. सगळा निवडा आणि त्याला साधा एरियल फॉन्ट लावा. मराठी मराठीच राहिली, तर युनिकोड. इंग्रजी कचरा झाला, तर नाही. किंवा चार ओळी उचलून स्वतःच्याच फोनवर पाठवा. 'माझ्याकडं तर दिसतंय' हे डीटीपीवाल्याचं म्हणणं खरंच असतं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

युनिकोडचे फॉन्ट छपाईत बेंगरूळ दिसतात, ही तक्रार एकेकाळी रास्त होती. आता 'मुक्ता' आहे, राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' आहे, आणि दोन्ही मोफत. टाइपरायटरच्या मांडणीवर हात बसलेल्यांना त्याच मांडणीनं युनिकोड टंकता येतं, तेव्हा वेग जाईल ही सबबही उरत नाही. पानजुळणीच्या इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं फुटत असतील, तर दोष युनिकोडचा नसतो. परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलेला नसतो, इतकंच.

स्मरणिका, दिवाळी अंक, कुलवृत्तांत, काहीही छापायला देताना दरपत्रकावरच लिहून घ्या: छपाईची पीडीएफ, जुळणीची मूळ फाईल आणि संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये वेगळा, अशा तिन्ही गोष्टी हव्यात. तिसरी गोष्ट छापखान्याला विचित्र वाटते. 'पीडीएफ दिली ना?' असं विचारतात. पण शेवटची दुरुस्ती जुळणीच्या फाईलमध्ये झालेली असते आणि लेखकानं ईमेलनं पाठवलेला मजकूर तोवर जुना झालेला असतो, म्हणून दुरुस्त झालेलाच मजकूर मागायचा. तो आला की पहिलं, मधलं आणि शेवटचं पान एरियल लावून पाहायचं, आणि मगच उरलेले पैसे द्यायचे. आमच्या नव्या छापखान्यानं पहिल्या वेळी या कामाचे वेगळे पैसे लावले. आम्ही कुरकुर न करता दिले, आणि पावतीवर कशाचे ते लिहून घेतलं.