डोंगरावरील एक गांव आणि त्याचें सामाईक कुरण

वाचकहो, गायरान उघडें पडलें, सरपणाचें रान तुटून गेलें, किंवा तळें गाळानें भरलें, म्हणजे खेड्यांत एक बोलणें ऐकूं येतें: जें सर्वांचें, तें कोणाचेंच नाहीं. हें खरोखर तसेंच असलें पाहिजे काय, हें समजून घेण्यासाठीं ह्या पाठांत आपण एका दूरच्या डोंगरी गांवाची माहिती घेऊं.

१. गांवाचें स्थान.

स्वित्झर्लंड देशाच्या दक्षिण भागांत व्हाले नांवाचा प्रांत आहे. त्यांतून रोन नदी वाहते. आल्प्स पर्वताच्या हिमशिखरांवरून उतरणारी विस्पा नदी विस्प ह्या नगरापाशीं तिला मिळते. ह्या विस्पेच्या खोऱ्यांत, पश्चिमेकडील उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारें १,५०० मीटर, म्हणजे ४,९०० फूट उंचीवर ट्योर्बेल हें गांव वसलें आहे. वस्ती सुमारें पांचशेंच. परंतु गांवास स्वतःची ग्रामसभा व स्वतःचा कारभार आहे. जुनीं घरें लाकडाचीं असून उन्हानें काळवंडलेलीं आहेत. धान्याचीं कोठारें खांबांवर उभारलेलीं असतात, आणि उंदीर वर चढूं नयेत म्हणून प्रत्येक खांबाच्या माथ्यावर एक सपाट वाटोळा दगड बसविलेला असतो.

भोंवतालचे उंच पर्वत पावसाचे ढग अडवितात. त्यामुळें हें खोरें त्या देशांतील अत्यंत कोरड्या भागांपैकीं एक आहे. बर्फ वितळून आलेलें पाणी पाटांनीं आणल्यावांचून तेथें गवतहि नीट वाढत नाहीं. हिंवाळा लांब असतो, आणि तितके महिने गुरें गोठ्यांत बांधून सांठविलेल्या गवतावर जगवावीं लागतात. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व नियमांचें मूळ तींत आहे.

२. जमिनीची व्यवस्था.

उताराच्या खालच्या अंगास द्राक्षांचे मळे, मध्यें राय नांवाच्या धान्याचीं शेतें व कापणीच्या गवताच्या जमिनी, त्यांच्यावर जंगल, आणि सर्वांत वर उन्हाळी कुरण, अशी येथील रचना होती. गांवाचे जमिनीसंबंधीं लेख १२२४ सालापासूनचे आहेत. त्यांवरून दिसतें कीं, मळे, शेतें व कापणीच्या गवताची जमीन हीं ज्या त्या कुटुंबाच्या मालकीचीं असत, आणि त्यांची खरेदीविक्री होत असे. उन्हाळी कुरण, जंगल, पडीक जमीन, पाण्याचे पाट व रस्ते हे मात्र सामाईक असत.

असा भेद कां केला? शेतांत जो खत घालील व पाणी देईल, त्याच्या श्रमाचें फळ त्यासच मिळावें, म्हणून शेत एकाच्या हातीं असणें बरें. वरच्या कुरणाची गोष्ट निराळी. तेथें एका वर्षीं एक उतार हिरवा होतो, दुसऱ्या वर्षीं दुसरा. त्याचे तुकडे पाडले, तर एखाद्या कुटुंबाच्या वांट्यास त्या वर्षीं कांहींच येणार नाहीं. आणि कुंपणाचा खर्च गवताच्या मोलाहून अधिक होईल. ह्याप्रमाणें त्याच लोकांनीं दोन्ही रीती चालविल्या. जी जमीन जशी, तशी तिची व्यवस्था केली.

३. करार व नियम.

१ फेब्रुवारी १४८३ रोजीं ट्योर्बेलच्या लोकांनीं कुरण, जंगल व पडीक जमीन ह्यांच्या वहिवाटीविषयीं लेखी करार केला. पुढें १५१७ सालीं असा नियम नमूद झाला कीं, जितक्या गाई मनुष्य हिंवाळ्यांत पोसूं शकतो, त्यांहून अधिक त्यानें उन्हाळ्यांत कुरणावर पाठवूं नयेत.

हा नियम साधा दिसतो, पण त्यांतील शहाणपण पाहा. तो नसता, तर ज्याच्यापाशीं पैसा आहे त्यानें वसंत ऋतूंत दहावीस गाई विकत घेतल्या असत्या, सर्वांच्या गवतावर पुष्ट केल्या असत्या, आणि हिंवाळ्यापूर्वीं विकून टाकल्या असत्या. ह्या नियमानें सामाईक कुरणाचें माप प्रत्येकाच्या घरच्या गंजींत ठेविलें. शेजाऱ्याची गंजी केवढी हें सर्वांस दिसे. म्हणून लबाडी लपत नसे.

तरी केवळ विश्वासावर भिस्त ठेविली नव्हती. नियम मोडणाऱ्यास दंड करण्यासाठीं गांवचा एक अधिकारी नेमिलेला असे, आणि दंडाची अर्धी रक्कम त्यास मिळे. गाई वर गेल्या कीं लगेच त्यांची मोजणी होई, आणि तिच्या आधारें कुटुंबास चीजेचा वांटा मिळे. चीज म्हणजे दुधापासून केलेला, पुष्कळ दिवस टिकणारा खाद्यपदार्थ. जंगलांत तोडावयाचीं झाडें आधीं खुणा करून ठरविलीं जात. सर्व मिळून तीं तोडीत, ओढून आणीत, सारख्या राशी घालीत, आणि मग चिठ्ठ्या टाकून राशी वांटीत. आपली रास कोणती हें आधीं कोणासच ठाऊक नसल्यामुळें सगळ्या राशी सारख्या घालण्यांत सर्वांचेंच हित असे. वाटा दुरुस्त करणें, कोसळत्या बर्फानें मोडलेल्या झोंपड्या पुन्हा उभारणें, कुरणावर शेण पसरणें, हीं कामेंहि सर्वांनीं करावयाचीं असत.

४. विद्वानांची साक्ष.

१९६८ सालीं गॅरेट हार्डिन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें असें लिहिलें कीं, सर्वांस खुल्या असलेल्या कुरणाचा नाश ठरलेलाच आहे. परंतु रॉबर्ट नेटिंग ह्यांनीं ट्योर्बेलांत राहून तेथील जुने लेख तपासले आणि १९८१ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. एलिनोर ऑस्ट्रॉम ह्या विदुषीनें १९९० च्या आपल्या ग्रंथांत हें उदाहरण घेऊन दाखविलें कीं, बेवारशी जमीन वेगळी आणि नियमानें राखलेली सामाईक जमीन वेगळी. २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

५. दाराबाहेरील मनुष्य.

येथपर्यंत वाचून त्या गांवाची स्तुति करावीशी वाटेल. पण १४८३ च्या कराराचा एक हेतु असा होता कीं, कोणी परक्यानें गांवांत जमीन विकत घेतली, तरी तेवढ्यानें त्यास कुरणाचा किंवा लाकडाचा हक्क मिळूं नये. त्यास आंत घ्यावें कीं नाहीं, हें जुन्या हक्कदारांनींच ठरवावें. गवत थोडें असल्यामुळें माणसें मोजावीं लागलीं, हें समजण्यासारखें आहे. तरी आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांस किंवा त्यांच्या वाडवडिलांस गांवच्या पाणवठ्यावरून मागें फिरावें लागलेलें आहे. गांवांत राहूनहि गांवाच्या बाहेर मोजलें जाणें म्हणजे काय, हें त्यांस शिकविण्याची गरज नाहीं. म्हणून ट्योर्बेलपासून नियम अवश्य शिकावे. पण ते ज्या यादीस लागू करावयाचे, ती यादी कोण लिहितो आणि तींतून कोणाचें नांव गळतें, हेंहि विचारावें.

तेव्हां आरंभींच्या बोलण्यास उत्तर असें देतां येईल: जें सर्वांचें, तें नियम, मोजणी व राखण असेल तरच सर्वांचें राहतें, आणि सर्व म्हणजे खरोखर सर्व असतील तरच तें राखणें न्यायाचें होतें.

विचार करण्यासाठीं प्रश्न.

(१) ट्योर्बेलांत शेत खासगी व कुरण सामाईक कां ठेविलें?
(२) १५१७ च्या नियमांत गाईंचें माप कशावरून ठरे, आणि त्यामुळें कोणती लबाडी टळे?
(३) तुमच्या गांवांत सर्वांचें म्हणून काय काय आहे? त्याची राखण कोण करतो, आणि त्याचा उपयोग करण्यास कोणास अजून संकोच वाटतो?