दिवस आणि रात्र : न्यूग्रेंजचा पाठ



"बाई, गोष्टीतला देव आधी की दगड आधी?" चौथीतल्या एका मुलीने विचारलं आणि माझा पाठ तिथेच अडकला. फळ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'न्यूग्रेंज : केल्ट लोकांनी बांधलेले स्थळ'. ते मला पुसावं लागलं.

आयर्लंडच्या मीथ परगण्यात बोइन नदीजवळ दगडमातीचा हा प्रचंड गोल उंचवटा आहे. व्यास सुमारे ८५ मीटर, पायथ्याशी ९७ मोठे दगड, काहींवर कोरलेली वर्तुळं. बांधकाम इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्याही आधीचं. बांधणारे शेतकरी होते. लोखंड सोडाच, त्यांच्याकडे तांब्याची हत्यारंही नव्हती. आत माणसांची जळलेली हाडं सापडली आहेत. केल्टिक भाषा आयर्लंडमध्ये आली ती कितीतरी शतकांनंतर. म्हणजे दगड आधी, गोष्ट नंतर!

पण म्हणून गोष्ट टाकून देऊ नका हं. नदीचं नाव बोआन या देवीवरून आलं. तिचा आणि दाग्दा या देवाचा मुलगा एंगस. एका कथेत तो बापाकडे हे घर 'दिवस आणि रात्र' राहायला मागतो. बाप हो म्हणतो. मुदत संपल्यावर मुलगा हलेचना! म्हणतो, सगळा काळ म्हणजे दिवस आणि रात्रच की. आयरिश भाषेत 'एक दिवस' आणि नुसता 'दिवस' यांत फरक दिसत नाही, म्हणून ही चलाखी जमते. इंग्रजीत ती समजावून सांगावी लागते. आमच्या वर्गाला लगेच कळली. आपणही 'दिवसरात्र' म्हणतोच ना!

आता उजेडाकडे. दाराच्या वर एक वेगळी खिडकीवजा फट आहे. डिसेंबरात २१ तारखेच्या आसपास, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत, उगवत्या सूर्याचा किरण तिच्यातून १९ मीटर लांबीच्या बोळातून आतल्या दालनात पोहोचतो आणि साधारण १७ मिनिटं राहतो. उत्खनन करणारे प्राध्यापक मायकेल ओ'केली यांनी १९६७ साली तो आत उभं राहून पाहिला. आज त्या पहाटे आत जायला सोडत काढतात. एरवी पर्यटकांना विजेच्या दिव्याने तो किरण दाखवतात.

आम्ही बुटाच्या खोक्यात हे करून पाहिलं. पहिल्यांदा फसलं. बोळाची जमीन आत चढत जाते, म्हणून पुठ्ठा तिरका लावला होता, पण भोक फक्त दारालाच पाडलेलं. टॉर्चचा उजेड चढावरच अडला. मग एका मुलाने दाराच्या वर पट्टीएवढी चीर कापली. खिडक्या बंद केल्या. टॉर्च चिरेच्या उंचीला आडवा धरला.

मागच्या भिंतीवर बारीक पिवळी रेघ उमटली. छत्तीस मुलं, आणि वर्गात एकदम शांतता. पालकहो, घरी करणार असाल तर झाकण नीट चिकटवा, कडेने उजेड शिरला की मजा जाते.