यादीत नाव आहे, नंबर कधी?

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा, स्वमग्न. स्पीच थेरपीसाठी सहा महिने थांबा म्हणतात. तोवर काय करू?

उत्तर : ताई, नुसतं थांबू नका. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा; राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथले उपचार मोफत असतात. दोन याद्यांत नाव असायला हरकत नाही. सध्याच्या केंद्राला सांगून ठेवा, कुणी आयत्या वेळी रद्द केलं तर आम्ही येऊ. आणि घरी काय करायचं हे शिकवणारं एखादं सत्र मागाच. आठवड्याच्या अर्ध्या तासापेक्षा जेवताना, आंघोळीच्या वेळी होणारा संवाद मला मोलाचा वाटतो. दिव्यांग प्रमाणपत्राचं कामही आताच उरका (तिथेही रांग असतेच!). त्यावर नॅशनल ट्रस्टची 'निरामय' विमा योजना मिळते : वर्षाला 1 लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही काही मर्यादेत धरून.